मरळ म्हणजे वाळू नव्हे

प्रिय बाबा,

एकाच घरात राहून पोरगी पत्र लिहिते म्हणून हसशील. खुशाल हस. हल्ली मी माझ्या कामाचा विषय काढला, की तू पहिल्याच वाक्याला 'आधी चहा टाक' म्हणतोस आणि विषय गुंडाळतोस. कागदाला चहा टाकायला सांगता येत नाही. तेव्हा आज मुकाट्यानं शेवटपर्यंत वाच.

कडकोळजवळच्या तलावावरची गंमत तुला सांगायची राहिलीच. तिथले मरळ मासे का मरतायत ते शोधायला मी प्रदूषण मंडळाकडून गेले आणि पहिल्याच दिवशी काठावरच्या बायकांना माझ्या दिव्य कन्नडमध्ये विचारलं, इथे मरळ आहे का? सगळ्या भराभर आपापल्या टोपल्या आवरायला लागल्या! मासेमारीचा ठेका असलेली कमलाक्षी तर जाळं उचलून तरातरा निघूनच गेली. मी हिरमुसले. आमच्या जीपचे ड्रायव्हर तुकोजीराव, इथल्या जुन्या मराठी घराण्यातले, पोट धरधरून हसायला लागले. म्हणाले, अय्यो ताई, कन्नडात मरळु म्हणजे वाळू की हो! वाळूचोरी पकडायला आलात वाटलं त्यांना, माशाला कोरमीनु म्हणायचं. मग त्यांनीच कमलाक्षीची समजूत काढली. तेव्हापासून मी तिची 'मरळु मॅडम', आणि आता गावभर तेच नाव झालंय.

मरळ हा तलावातला दादा. लहानसहान मासे गिळून माजलेला, पण पोरांच्या बाबतीत एकदम हळवा. तांबूस पिल्लांचा थवा वर पोहत असतो आणि नर-मादी खालून पहारा देतात. बगळा आला तरी हटत नाहीत. पिल्लं बरोबर असलेल्या जोडीवर कमलाक्षी जाळं टाकत नाही, तिच्या सासूनंही कधी टाकलं नाही. पण या माशाचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, त्याला वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. आणि आता पाण्यावर तेलाचा तवंग आहे. घोटाबरोबर तेल आत जातं. गेल्या आठवड्यात एक अख्खा थवा माझ्या डोळ्यांसमोर उलटा झाला. आईबाप तरीही त्या मेलेल्या पिल्लांभोवती फिरत राहिले. कमलाक्षी रडली. मीही भोकाड पसरलं बाबा, लाज कसली? पलीकडच्या गवतात अजून दोन थवे आहेत. ते गेले तर पुढे तिच्या जाळ्यात येणार काय? ते मी जगवणार आहे, लिहून ठेव.

तेल कुठून येतं तेही सापडलं. ओढ्याच्या काठानं वर चालत गेलो, तुकोजीराव पुढे आणि मी मागे. एका कारखान्याच्या कुंपणाखालून पाइप आलाय. त्याच्या तोंडाशी वाकले आणि तपासणीच्या आधीच मला कळलं. तू कामावरून आलास की मी धावत येऊन तुझ्या शर्टात तोंड खुपसायचे ना, तोच यंत्रांवरच्या कटिंग ऑइलचा वास. मान वर केली तर कुंपणापलीकडे तुझ्याच कारखान्याचं छप्पर. प्रयोगशाळेनंही आता तेच सांगितलंय.

मला तुझा राग आला, खोटं कशाला बोलू? तुला ठाऊक होतं की नाही, ते तू सांगशील तेव्हा ऐकेन. सोमवारी मी अहवालावर सही करतेय. त्यात कारखान्याचं नाव असेल आणि मॅनेजर म्हणून तुझंही. तुझं नाव असलं तरी सही होणार. बाहेरच्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. आणि पत्र मुद्दाम तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलंय, म्हणजे ते तुला घरी नाही, कारखान्यातच मिळेल. डबा नंतर उघड. आधी ऊठ आणि त्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद कर.

तुझीच, आणि तुझ्यासारखीच हट्टी,
अन्विता