राखणीचा मंगळवार

लामेला, १२ सप्टेंबर १९८४

चि. अबीलियो यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तू आणि ओदेत तिकडे लियोंला सुखरूप असाल असं धरून चालते. इकडे मी, अकरा शेळ्या आणि आईचं म्हातारं मांजर, होतो तसे आहोत.

संत बार्तोलोमेउची जत्रा झाली. फ्रान्सला गेलेले सगळे आले, नव्या मोटारी घेऊन, आणि गल्लीत कुणी कुणाला वाट द्यायची यावरून आठ दिवस भांडून परत गेले. तू आला नाहीस. जो तो विचारी, अबीलियो कुठे आहे. आई गेल्यापासून माझं उत्तर ठरलेलं आहे, की त्याला काम सुटत नाही. आता तर मी तोंड उघडायच्या आत लोकच ते माझ्यासाठी म्हणून टाकतात.

बटाटा बरा आला. काढायला शेजारचा झेफेरिनो होता. लहानपणी कडबा कापताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, पण उरलेल्या तीन बोटांत तो आपल्या दोघांपेक्षा जास्त उरकतो. आईने त्या वेळी आपल्या ओढणीची पट्टी फाडून त्याचा हात बांधला होता. तेव्हापासून गडी स्वतःला आपल्याच घरातला समजतो, आणि बायको वारल्यापासून माझ्याकडच्या कढणाला नावं ठेवायचा हक्कही त्याला मिळाला आहे.

आता गावची बातमी. गेल्या बुधवारी एक परका माणूस येऊन गेला. झऱ्याजवळच्या क्लोतिल्दने पाहिला. टोपी नाकापर्यंत ओढलेली, पायात शहरी बूट, आणि पाणी प्यायला ते एका गुडघ्यावर बसून डाव्या हाताने, आपले बाबा प्यायचे तसं. तिने विचारलं, तू कुणाचा रे बाबा? तो फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटला. क्लोतिल्द म्हणते, ज्याने लहानपणी बटाटे लावलेत त्याचं फ्रेंच असंच असतं.

आणि दुसरी बातमी अशी, की आपल्या दाराची पायरी बाबांच्या वेळेपासून हलत होती, ती बुधवारपासून हलायची थांबली. खाली कुणीतरी दगडाची कपची अशी बसवली आहे की सुरीचं पातं आत जात नाही. आई तुला वीस वर्षं टोमणे मारायची, मुलगा गवंडी आणि घरची पायरी डगडगते. मी काही म्हणत नाही. आपल्या गावात चमत्कार होत नाहीत असं पाद्रीबाबांनी उगाच म्हणू नये, एवढंच.

पत्र पाठव. खोटं लिहायचं असेल तर कागद वाया घालवू नकोस. माया आहे तेवढी राहो.

तुझी ताई,
देओलिंदा


लियों, २२ सप्टेंबर १९८४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. पायरीपाशी येऊन अडकलो, आणि पुढच्या चार ओळी दोन दिवस वाचल्या नाहीत.

तो मीच होतो.

खाली मोंतालेग्रे शहरात एका खानावळीत दोन दिवस राहिलो. मालकीणबाईंना वाटलं, मी फ्रेंच पाहुणा. आसपास काय पाहण्यासारखं आहे ते त्यांनी सांगितलं आणि लामेलाबद्दल म्हणाल्या की तिथे काही नाही हो, जुनी घरं आहेत, पण वाट चुकाल. म्हणून त्यांनी मला नकाशा काढून दिला. ताई, मला, लामेलाचा नकाशा. मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि त्यांचे आभार मानले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दिवसही मुद्दाम निवडला. येताना बसमध्ये बोटांवर मोजत होतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावच्या शेळ्यांची राखण, रोज एका घराची पाळी, झऱ्याजवळच्या घरापासून सुरू होते, मग लोहाराचं घर, मग वरच्या आळीची, असं करत आपलं घर बारावं. बारावा दिवस पाच सप्टेंबर. त्या दिवशी तू सगळा कळप घेऊन डोंगरावर असणार आणि दिवस बुडेपर्यंत खाली उतरणार नाहीस. म्हणून आलो. तू नसताना घर बघायचं होतं. आईच्या कबरीवर जाऊन आलो, फुलं ताजी होती. मग दारासमोर येऊन उभा राहिलो. तू घरात असलीस की दार कधी लावत नाहीस. ते लावलेलं होतं, म्हणजे माझा हिशेब बरोबर. हात दारावर ठेवला आणि किती वेळ ठेवला ते सांगता येणार नाही. निघताना पायरी पायाखाली डगडगली. दुसरं काही करायला तोंड नव्हतं, म्हणून तेवढं केलं.

आता खरं लिहितो, कारण तू बजावलं आहेस. आई जाताना मुकादमाने रजा दिली नाही असं मी कळवलं होतं. ते खोटं. त्याने नऊ दिवस दिले होते, वर खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, जा, आई एकच असते. तुझी तिसरी तार आली तेव्हा मी बॅग घेऊन स्टेशनवर गेलो. गाडी आली, लोक चढले, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी परत गेलो, पुन्हा तेच. मला वाटत होतं, मी पोचलो की ती मरेल. मी जात नाही तोवर ती माझी वाट बघत राहील आणि वाट बघणारं माणूस मरत नाही. बावन्न वर्षांचा घोडा आणि अक्कल ही. तिसऱ्या दिवशी शेवटची तार आली.

ओदेतला ठाऊक आहे. ती एकदाही बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं.

तू काय म्हणशील ते ऐकून घेईन. लोभ ठेव असं म्हणायचा हक्क राहिलेला नाही, तरी म्हणतो.

तुझा,
अबीलियो


लामेला, १ ऑक्टोबर १९८४

चि. अबीलियो यास,

आशीर्वाद. वि. वि. तुझा हिशेब चुकला. तू वीस घरं धरलीस. लोहाराचं घर बंद, वरच्या आळीत आता फक्त चिमण्या, शिक्षकाची मुलं ब्राझीलला. कळपात शेळ्या घालणारी आता सातच घरं आहेत. झऱ्यापासून आपलं चौथं आणि झेफेरिनोचं पाचवं. पूर्वी दिवस मोजत बसावं लागे, आता सात घरांना सात वार. आपला मंगळवार, त्याचा बुधवार. तू आलास तेव्हा मी आदल्या दिवशीच डोंगरावरून येऊन पाय शेकत घरात बसले होते.

दाराच्या आत मी होते, अबीलियो.

तुला गल्लीत वळताना पाहिलं आणि उठून दार लावलं. तुला टोपीने लपता येईल असं तुला कसं वाटलं? तुझी चाल बाबांची आहे. तू हात दारावर ठेवलास तेव्हा माझा कडीवर होता. तुझा श्वास ऐकू येत होता. मग तू खाली बसलास, दगडाने दगड ठोकलेला ऐकला आणि ओळखलं की पायरी करतोय. तेव्हा रडले, पण कडी काढली नाही.

आधी राग होता, ते कबूल करते. सहा आठवडे ती म्हातारी दर मोटारीच्या आवाजाला मान वळवायची. पण दोन मिनिटांनी राग गेला आणि भीती उरली. कारण दार उघडलं असतं तर मला तुला एक गोष्ट सांगावी लागली असती. ती पावणेदोन वर्षं गिळून बसले आहे. तू स्टेशनवरचं सांगितलंस, आता मला गप्प राहता येत नाही.

शेवटच्या दुपारी तिने तुझं नाव घेणं थांबवलंच नाही. डोळे तर कधीच गेले होते. झेफेरिनो लाकडं टाकायला आला होता. मी त्याला हाताला धरून पलंगाशी नेलं, खाली बसवलं आणि आईला म्हटलं, आई, अबीलियो आला. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी डोळ्यांनीच दटावलं. आईने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, चाचपला, बराच वेळ धरून ठेवला. म्हणाली, आलास अबीलियो, बरं केलंस, किती खरखरीत झाला रे हात. मग म्हणाली, उद्या राखण आपली आहे, उद्या शेळ्या तू ने, लिंदा किती दिवस बसली नाहीये, तिला बसू दे. तो म्हणाला, हो आई. दुसऱ्या दिवशी आपली पाळी त्याने केली. तो डोंगरावर असतानाच आई गेली.

तुझा निरोप, तुझा आशीर्वाद, तुझं नावसुद्धा मी दुसऱ्याला देऊन टाकलं. तू आला नाहीस हे तुझं पाप. पण तू आला होतास असं सांगून तिला फसवणारी मी. मरणाऱ्या आईशी खोटं बोलले आणि पाद्रीबाबांनाही सांगितलं नाही. झेफेरिनो त्या दिवसापासून तुझं नाव निघालं की उठून जातो.

आता तू ठरव, लोभ ठेवायचा की नाही.

देओलिंदा


लियों, ८ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,

सा. न. वि. वि. दोन दिवस तुझा भयंकर राग आला. ओदेतशी भांडलो, एक बशी फोडली. मग ओदेत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, खुर्ची रिकामी ठेवलीस तू, आणि बसणाऱ्यावर ओरडतोस?

सोमवारी पंधराला दुपारच्या बसने येतो. मंगळवारी शेळ्या मी नेणार. तू घरी बसायचं, आई म्हणाली तसं. झेफेरिनोला संध्याकाळी बोलावून ठेव. त्याच्याशी काम आहे.

अबीलियो


लामेला, १८ ऑक्टोबर १९८४

चि. सौ. ओदेत हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा नवरा पोचला. दार सताड उघडं होतं, तरी पायरीवर उभा राहून त्याने ते ठोठावलं. मी ये म्हटलं. कढण वाढलं, काळा पाव कापला, तो जेवला आणि आम्ही दोघं चांगलं तासभर तुझ्याबद्दल बोललो, कारण दुसरं काही बोलायची हिंमत होत नव्हती. म्हणून तुला उचक्या लागल्या असतील तर आमची चूक.

मंगळवारी सकाळी बाबांची काठी घेऊन निघाला. सात घरांच्या शेळ्या, एकशे चार. पायात तेच बूट. क्लोतिल्दने झऱ्यावरून ओरडून विचारलं, कुणाचा रे तू? तर या वेळी आपल्या भाषेत, आईचं नाव घेऊन म्हणाला, उम्बेलिनाचा. पोरगा छप्पन वेळा घसरला असेल, पण मागे वळून पाहिलं नाही. मी घरी बसले. इतक्या वर्षांत दिवसभर बसायची सवय गेली आहे. चेस्टनट सोलायला घेतले आणि चाकू हातात धरून डोंगराकडेच बघत राहिले.

संध्याकाळी शेळ्या आधी आल्या, हा मागून लंगडत. एकशे चार भरल्या. दारात झेफेरिनो उभा होता, टोपी हातात चुरगाळत, आत यायला तयार नाही. मला वाटलं, आता हा त्याला मारतो. अबीलियो त्याच्यासमोर गेला आणि त्याने विचारलं, आईने कुठला हात धरला होता? झेफेरिनोने उजवा पुढे केला. अबीलियोने तो दोन्ही हातांत घेतला आणि नुसता उभा राहिला. आईचा हात शेवटी ज्याला लागला ते त्याला धरायचं होतं, दुसरं काही नाही. मी तोंड फिरवलं.

मग तो मला म्हणाला, ताई, इकडे ये. त्याचा अंगठा तिथे थांबला होता, जिथे दोन बोटं नाहीत. म्हणाला, हा हात कुणी बांधला होता ग लहानपणी?

ओदेत, मी तो हात पुन्हा नीट पाहिला. झेफेरिनोला आम्ही इतकी वर्षं बघतो आहोत की ती दोन बोटं नाहीत हे आम्हाला दिसेनासंच झालं आहे. माझ्या डोक्यातच आलं नाही. पण आईला डोळे कुठे होते, तिला हातच होते. आणि त्या हाताला तिनेच पट्टी बांधली होती. तिने तो बराच वेळ चाचपला होता. तिला सगळं कळलं होतं. तिचा मुलगा आला नाही हे कळलं, मुलगी खोटं बोलते आहे हे कळलं. तरी तिने अबीलियोचंच नाव घेतलं, आणि शेळ्या न्यायला सांगितल्या.

झेफेरिनो म्हणाला, मला वाटायचं मी म्हातारीला फसवलं. आणि तो असा रडायला लागला की शेवटी आम्हालाच त्याला आत आणून बसवावं लागलं.

अबीलियो पुढचा मंगळवार करून मग निघतो म्हणतो. त्याचे जुने बूट पाठव, हे फाटले. मुकादमाला जास्तीची रजा तू माग, आणि त्याने कारण विचारलं तर या वेळी खरं सांग. म्हणावं, त्याच्या आईने त्याला काम सांगितलं आहे.

तुझाही लोभ आमच्या घरावर असू दे.

देओलिंदा