हंसाची पिल्लं दाखवताना

केरेशहात,
६ फेब्रुवारी १९८३

चि. एमोके हिस,
आजोबांचा अ. आ.; अंगणातल्या हंसांनीही माना लांब करून आपला कळवला आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी बादलीतला बर्फ फोडत होतो. ओल्या हातांनीच उघडलं, त्यामुळे तुझ्या सेगेदच्या खोलीचं निम्मं वर्णन शाईबरोबर वाहून गेलं. खिडकीतून ट्रॅम दिसते, एवढं मात्र हाती लागलं.

इकडची बातमी एकच, पण मोठी. आपल्या सहकारी शेती संस्थेने गिरणीजवळचं पाळणाघर अखेर रंगवायला काढलंय. पिवळा रंग, अगदी भोपळ्याच्या फुलासारखा. जूनमध्ये उघडणार आणि त्यांना शिकलेली संगोपिका हवी आहे. अध्यक्ष दुकानात भेटले, विचारू लागले की नात केव्हा येते. मी सांगून टाकलं, जूनमध्ये प्रमाणपत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी. शेजारची एतेलका तिथेच पाव घेत होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, या म्हाताऱ्याने बायकोची कधी एवढी वाट पाहिली नसेल. तुझी आजी असती तर तिला तिथल्या तिथे उत्तर मिळालं असतं. मी नुसती टोपी सारखी केली.

तुझ्या खोलीत दर रविवारी शेगडी पेटवतो. भिंतींना ऊब माहीत राहावी म्हणून.

मुलांचे हात धुताना म्हणायला काही हवं, असं लिहिलं होतंस. सोबत सोळा कडवी पाठवतो आहे. त्यात नदी डोंगरातून निघते आणि वाटेत सगळं पाहत मुलाच्या तळहातावर येते. शाळेत मास्तरांनी छडी घेऊन आमच्याकडून अशा कविता पाठ करून घेतल्या. छडी विसरलो, आता मास्तरांचं नावही विसरायला लागलोय. चाल तेवढी राहिली.

लोभ आहेच, तो थंडीत गोठू देऊ नकोस.
तुझा
आम्ब्रुश आजोबा

सेगेद,
१५ फेब्रुवारी १९८३

ती. आजोबांस,
एमोकेचा सा. न. वि. वि.; गालांवरच्या दोन पाप्या वेगळ्या.

तुमची कविता म्हणून पाहिली. तिसऱ्या कडव्यात नदी अजून डोंगरातच होती आणि इकडे पाणी गार झालं. आम्हाला शिकवणाऱ्या पिरोश्काबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, तुझ्या आजोबांना कळव, मुलाला हात दोनच असतात, तेव्हा ओळीही दोनच पुरेत.

अभ्यास वाटला होता त्याहून विचित्र आहे. पहिले तीन आठवडे आम्ही बाहुल्यांना आंघोळी घातल्या. आता खरी मुलं. बाळाला उचलण्याआधी दोन्ही हात पुढे करायचे, आपण काय करणार ते सांगायचं आणि थांबायचं. ते आपणहून अंग सैल करीपर्यंत थांबायचं. मला थांबता येत नाही, तेव्हा पिरोश्काबाई मागून माझा एप्रन धरून ठेवतात. वर्गातल्या मुली हसतात.

प्रत्येक मुलाला एक चित्र दिलेलं असतं: छत्री, किटली, नासपती. तेच चित्र त्याच्या कोटाच्या खुंटीवर, टॉवेलवर, पेल्यावर. वाचता येत नाही तरी आपली जागा कळते. मूल महिनाभर आजारी पडलं तरी त्याच्या खुंटीवर दुसऱ्याचा कोट लावायचा नाही.

माझ्या परीक्षेसाठी मिळालेल्या मुलाचं चित्र छत्री आहे. नाव विन्त्से, वय दोन. आई तागाच्या कारखान्यात. दोन आठवडे ती रोज त्याच्याबरोबर बसणार आणि रोज थोडा थोडा वेळ कमी करणार. मे महिन्यात परीक्षक येतील. तोवर तो माझ्याजवळ रुळला तर जूनमध्ये प्रमाणपत्र, नाहीतर पुन्हा एक वर्ष.

खोलीतली मुलगी शनिवारी आपल्या गावी जाते. मग मी खिडकीत बसून पाव आणि कांदा खाते. गेल्या रविवारी दिवसभर कुणाशी बोलले नव्हते, म्हणून बाहुलीला आंघोळ घातली आणि तिला सगळं आधी सांगितलं.

लोभ असावा, आणि शेगडीवर लक्षही असावं.
तुमची
एमोके

केरेशहात,
२३ फेब्रुवारी १९८३

चि. एमोके हिस,
अ. आ. आणि थोडी तक्रार.

सोळा कडव्यांच्या दोन ओळी करणं म्हणजे बैलाला कोंबडीच्या खुराड्यात बसवणं. तरी केल्या:

एक हात आला, दुसरा कुठे?
फेसाच्या ढगात लपलाय इथे.

पिरोश्काबाईंना म्हणावं, याहून कमी होणार नाही.

तुझा नियम मी हंसांवर चालवून पाहिला. हात पुढे केले, काय करणार ते सांगितलं, थांबलो. मोठ्या नराने मांडीला चावा घेतला. एतेलका कुंपणावरून पाहत होती. आधी माणसांशी जमव, मग पक्ष्यांशी, असं म्हणाली.

विन्त्सेची एवढी काळजी करू नकोस. दोन आठवडे कसले घालवता? आमच्या वेळी सोपं होतं. मुलाला काहीतरी गमतीचं दाखवायचं आणि तेवढ्यात आईने हळूच सटकायचं. मूल हसत राहतं, आईला रडणं ऐकू येत नाही, दोघांचं भलं. तुझ्या बाबतीत तेच केलं होतं. तुझी आई सॅनेटोरियममध्ये जायला निघाली, तेव्हा मी तुला कोठारामागे हंसाची पिल्लं दाखवायला नेलं. तू एवढी खूश झालीस की हूं की चूं केलं नाहीस.

पाळणाघराचा दुसरा हात सुरू आहे. खिडक्यांना हिरवा देणार म्हणतात. तुला विचारून द्या, असं मी सांगून आलो.

लोभ वाढता ठेव. जून जवळ येतोय.
आजोबा

सेगेद,
११ मार्च १९८३

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या दोन ओळी सगळ्यांना आवडल्या. हे आधी लिहिते, कारण पुढचं चांगलं नाही.

नवव्या दिवशी विन्त्सेच्या आईला कारखान्यातून निरोप आला की ताबडतोब या. त्याने तिचा झगा दोन्ही मुठींत धरला. ती रडवेली झाली. पिरोश्काबाई वरच्या मजल्यावर होत्या. मला तुमचं पत्र आठवलं. मी त्याला खिडकीत नेऊन कबुतरं दाखवली आणि मागे हात करून आईला जा म्हणून खुणावलं. तो कबुतरांना हसला. मग वळला.

तो रडला नाही, आजोबा. रडला असता तर बरं झालं असतं. त्याने आईच्या खुर्चीखाली पाहिलं. पलंगाखाली हात घातला. टॉवेलांचं कपाट उघडलं आणि एकेक टॉवेल बाजूला करून पाहिला. मग आपल्या छत्रीच्या खुंटीखाली जाऊन बसला. चार दिवस झाले, कोट काढू देत नाही. मी जवळ गेले की वरचं बटण घट्ट धरतो. कबुतरांकडे बोट केलं तर तिकडे पाहतच नाही, दाराकडे पाहतो. कुणी काही दाखवलं की काहीतरी नाहीसं होतं, हे तो माझ्याकडून शिकलाय.

पिरोश्काबाई ओरडल्या नाहीत. पहिल्याच दिवशी शिकवलेला नियम त्यांनी मला पुन्हा वहीत लिहायला लावला: चोरून जायचं नाही, सांगून जायचं, मूल रडलं तर रडू द्यायचं आणि जवळ बसायचं. मग विचारलं, हे तू कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी.

मला तुम्हाला एक विचारायचं आहे. मी किती दिवस शोधत होते? आणि आईने मला न सांगता जायचं कसं ठरवलं? ती परत आली नाही हे माहीत आहे. पण जाताना तिने वळून तरी पाहिलं का? मला ती पिल्लं आठवतात. आईचा चेहरा आठवत नाही.

एमोके

सेगेद,
२९ मार्च १९८३

ती. आजोबांस, सा. न. वि. वि.

अठरा दिवस झाले, पत्र नाही. टपालवाला जिना चढला की मी दार उघडते. तो आता लांबूनच मान हलवतो. तुम्ही आजारी असाल तर एतेलकाबाईंकडून दोन शब्द लिहवून घ्या. रागावला असाल तर तसं लिहा. नुसते गप्प राहू नका, मला थांबता येत नाही.

एमोके

केरेशहात,
५ एप्रिल १९८३

चि. एमोके हिस,
आशीर्वाद. कुठल्या तोंडाने देतोय, ते खाली लिहिलं आहे.

आजारी नव्हतो. पाच वेळा कागद घेतला. आयुष्यभर शब्द जमवले, पण या कामाला एकही निघेना.

तू अकरा दिवस शोधलंस. पलंगाखाली, पिठाच्या पेटीत, माझ्या बुटांत. बाराव्या दिवशी थांबलीस आणि मी तुझ्या आजीला म्हटलं, बघ, विसरली. त्यानंतर तू कधी हंसांजवळ गेली नाहीस. ते चावतात म्हणून असेल, असं मी मनाला समजावलं.

आईने ठरवलं नव्हतं. हे नीट वाच. तुझी आई माझीच पोर, तुझ्या बापाच्या मागे तीच तुला सांभाळत होती. ती म्हणत होती, मी एमोकेला सांगून जाते, खोकला आहे म्हणून जवळ घेणार नाही, लांबूनच सांगते. मी म्हटलं, नको, पोर भोकांड पसरेल आणि तुझा पाय निघणार नाही. तिने तीनदा विचारलं. तीनदा मीच नको म्हटलं. तुझं रडणं मला ऐकवलं नसतं, म्हणून.

तुझी आजी गाडीपर्यंत सामान घेऊन गेली होती. तिने सांगितलं, गिरणीचं वळण येईपर्यंत तुझी आई मागे पाहत होती. अंगणाकडे. अंगणात कुणी नव्हतं. तू कोठारामागे होतीस आणि मीही तिथेच होतो, एमोके. पुढच्या हिवाळ्यात सॅनेटोरियममधून तार आली. माझ्या मुलीलाही मी निघताना पाहिलं नाही. मीही पिल्लंच पाहत होतो.

माफ कर असं लिहिणार होतो. पण तुमच्या नियमाप्रमाणे हात पुढे करून थांबलो आहे.

आजोबा

सेगेद,
२२ मे १९८३

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.; पाप्या पुन्हा सुरू.

तुमचं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरत होते. आधी खूप राग आला. मग ट्रॅममध्ये रडले आणि एका अनोळखी बाईने मला जागा दिली. आईने तीनदा विचारलं होतं, एवढं मला पुरतं. लवकर लिहिता आलं नाही. शिक्षा म्हणून नव्हे. मलाही शब्द निघेनात.

विन्त्सेने सहा आठवडे लावले. मी रोज त्याच्या खुंटीखाली फरशीवर बसायचे आणि काही दाखवायचे नाही. आई रोज त्याच्यासमोर उभी राहून सांगायची, आता मी जाते, दुपारच्या झोपेनंतर येते. तो रोज रडायचा. एका सकाळी त्याने वरचं बटण स्वतः काढलं आणि खालची मी काढावीत म्हणून माझ्यापुढे उभा राहिला. परीक्षक आले त्या दिवशी तो नळापाशी मोठ्याने विचारत होता, दुसरा कुठे? मी उत्तीर्ण झाले.

आणखी एक गोष्ट आहे. ती पत्रात लिहिणार नाही. शनिवारी दुपारच्या बसने येते.

लोभ असावा, शनिवारी तर असावाच.
तुमची
एमोके

केरेशहात,
३० मे १९८३

चि. एमोके हिस,
आजोबांचा अ. आ.

तुला जाऊन एक दिवस झाला. बाभळींना फुलं आहेत, वारा पडला आहे, घड्याळाचा आवाज अंगणापर्यंत येतो.

स्वयंपाकघरात तू समोर बसलीस, दोन्ही हात टेबलावर ठेवलेस आणि सांगितलंस की पिरोश्काबाईंनी सेगेदलाच कामाला राहायला सांगितलं आहे आणि तू हो म्हणालीस. मग थांबलीस. मी चमचा पुसत होतो. मग दुसरा पुसला. कसा वेळ लावला मी! तू घाई केली नाहीस. एप्रन धरायला मागे कुणी नव्हतं, तरी. तुझं शिक्षण मला तेव्हा कळलं.

आज अध्यक्षांना सांगून आलो की दुसरी कुणी शोधा. खिडक्या हिरव्याच दिल्यात. एतेलका म्हणाली, आता रविवारची लाकडं तरी वाचतील. मी म्हटलं, नाही वाचणार.

दाराजवळच्या खुंटीवर तू हंसाचं पिल्लू काढलेला कागद चिकटवलास, तो अजून नीट आहे. काल एतेलकाने सवयीने आपली शाल तिथे अडकवली. मी काढायला लावली. पुटपुटत खुर्चीवर ठेवली बिचारीने.

बसपाशी तू माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, आता मी जाते, आलुबुखार पिकले की येते. मी रडलो. एवढ्या लोकांत, टोपी हातात घेऊन. ड्रायव्हरने एकदा भोंगा वाजवला, मग तोही थांबला. तू मला कशाकडेही बोट करून दाखवलं नाहीस. गिरणीच्या वळणापर्यंत तुझा हात दिसत होता. या वेळी मी रस्त्यावर होतो, एमोके.

मग घरी आलो. कुठेही शोधलं नाही. तू गेली आहेस, हे मला माहीत होतं.

आलुबुखार अजून हिरवे आहेत. लोभ असू दे.
तुझा
आम्ब्रुश आजोबा