माझ्यामागे फिर्याद कोणाची

मी, छावणीच्या रस्त्यावरच्या लॉन्ड्रीची मालकीण, वय एकाहत्तर. गुडघे गेले असले तरी डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांकडून लिहून घेऊन, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मृत्यूनंतरची ही व्यवस्था करून ठेवत आहे. आधीचा मसुदा रद्द समजावा. का रद्द केला ते पुढे येईल.

१. दुकान, मागच्या खोल्या आणि दोन्ही वॉशिंग मशीन थोरल्या मुलीला. मोठ्या मशीनचे दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. जावयांनी ते दुरुस्त करायला जाऊ नये.

२. दिरांना काही नाही. माझी धाकटी मुलगी मारली गेली तेव्हा छावणीतल्या परदेशी फौजेच्या साहेबासोबत चहा पीत ते मला म्हणाले, "वहिनी, मिटवून टाका." ते मी विसरलेले नाही. ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार म्हणून चालतो, म्हणून खाली सही त्यांची घेतली आहे.

३. धाकटी छावणीत कपडे पोचवायला गेली ती परत आलीच नाही. तिचा गळा आवळणाऱ्या शिपायाला त्याच्या फौजेने विमानात बसवून मायदेशी नेले. दोन्ही सरकारांच्या करारानुसार त्याचा न्याय त्यांनीच करायचा. तो त्यांनी त्याची बढती रोखून केला. त्याच्यावर इथल्या कोर्टात खटला चालावा, एवढीच माझी फिर्याद आहे. झटापटीत बाही फाटलेला, रक्ताळलेला त्याचा सदरा दुसऱ्या दिवशी धुवायला माझ्याकडेच आला होता. कॉलरवर त्याचा नंबर आहे. मी तो धुतला नाही. पोलीस म्हणाले, "आमच्या हद्दीत येत नाही, मावशी." तो सदरा सीलबंद करून माझ्या वकीलबाईंकडे दिला आहे, तिथेच राहावा.

४. माझ्यामागे वारस उभा राहिला नाही तर फिर्याद निकालात काढतील, असे वकीलबाई म्हणतात. थोरलीने इतकी वर्षे या विषयावर तोंड उघडले नव्हते. तिला तिचा संसार आहे. म्हणून मसुद्यात मी लिहिले होते की फिर्याद माझ्याबरोबरच संपू द्यावी. थोरलीने तो वाचला आणि माझ्यासमोर आपटला.

"दुकान देतेस, मशीन देतेस, आणि हे मात्र मला विचारतही नाहीस? ती तुझी मुलगी होती, मग माझी कोण होती गं?"

आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र रडलो.

तरी फिर्याद थोरलीला, तिच्याच मागणीवरून. कोर्टात पुकारा माझ्या नावाचा होईल. तिने उठून "हजर" म्हणावे.

लिहून देणार : लॉन्ड्रीवाली (सही)
साक्षीदार : १. डॉक्टर (सही) २. दीर (सही)
स्थळ : दुकानाची मागची खोली
दिनांक : सोमवार, दुकान बंद ठेवून