अक्काला आडवं करायचं नाही

ठाणे, शके १८०५, माघ शु. ४
कल्याणचं व्याख्यान आटोपून दुपारच्या गाडीने घरी आलो, तो थोरली बहीण अक्का माजघरात भुईवर आडवी. खाली दर्भ, शेजारी गंगेची लोटी, काका कानाशी नाम घेताहेत. अक्काच्या ओठांवर गुलाबी फेस. चपलांसकट धावलो, काखेत हात घालून बसती केली. हळूहळू दम परतला. पहिलं वाक्य, "चपला काढ रे आधी."
काका म्हणाले, "सुखाने जात होती. तू मागे ओढलीस."
मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. वडिलांच्या जागी आहेत. पण ती बुडत होती, आणि बुडवत तुम्ही होता!

शु. ५
डॉक्टर येऊन गेले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. लहानपणी सांध्यांचा ज्वर आला होता का? आला होता. त्यानेच हृदयाची डावीकडची झडप आखडली, म्हणाले. उजव्या बाजूने रक्त फुफ्फुसांत जातं, हवा घेऊन डावीकडे परततं. हिची परतीची वाट चिंचोळी. रक्त फुफ्फुसांत तुंबतं, त्यातलं पाणी हवेच्या जागेत पाझरतं. आडवी केली की पायांतलं रक्तही वर चढतं. तेव्हा पाय खाली सोडून बसवा. थेंब दिलेत. बरी होणार नाही, पण दिवस निघतील. किती, ते सांगत नाहीत.
काकांना पाटीवर आकृती काढून दाखवली. "रक्ताचं मला सांगू नकोस. खाटेवर गेली तर गती नाही." अक्काचे यजमान पुण्याला खाटेवरच गेले. ते काकांच्या मनातून जात नाही. हे मला कळतं. कळूनही डोकं फुटायची वेळ येते.

शु. ६
मिठागरावरचा राघो मीठ घेऊन आला. अक्काची चौकशी केली, म्हणून झडपेचं सांगितलं. लगेच म्हणाला, "उघारी आखरली त खाजनान पानी चरनारच ना, दादा! यान कलन्यासारखा काय हाय?" बांधाचं दार आखडलं की पाणी आत चढतं, एवढंच. त्याला अक्षर येत नाही. आणि आमचे काका, वेदान्त पाठ…
अक्का म्हणाली, "काकांना कळत नाही असं नाही. त्यांना भीती वाटते. मलाही वाटते. भुईवर घे मला."
म्हणजे मी भांडतो आहे तो कोणासाठी? परवा कल्याणला दोन तास रूढीच्या चिंध्या केल्या, टाळ्या थांबेनात. हे तिला ऐकवलं.
"मग कल्याणलाच जा. मला टाळ्या वाजवायला दम नाही."

शु. ७
तोड तिनेच काढली. ओटीच्या कडेला बसायचं, पाठीला तक्क्या. ओटी शेणाने सारवलेली, म्हणजे भुईच. पाय खाली अंगणात सोडलेले.
"तुझ्या डॉक्टरचे पाय लोंबले, काकांची भूमी झाली. आता भांडा बघू."
काका : "बसून कोणी जातं का गं?"
"योगी जातात."
काका हसले, आणि डोळे पुसत आत गेले. मला हसू आलं नाही. रस्त्याने जाणारे थांबून बघतात. एकावर ओरडलो. ते अक्काला आवडलं नाही.

शु. ९
सूज मांडीपर्यंत. नखं निळी. सकाळी अक्काने वचन मागितलं : हाक मारून ओ आली नाही की आडवी करायची, वाद नाही. मी नाही म्हणालो.
"सगळ्या जगाला पटवतोस. मी एकदा काही सांगते तर…" दम पुरला नाही.
दिलं वचन. रागाने दिलं. आता माझ्याच हातांनी तिला…

शु. १०, दुपार
काकांनी दर्भ आणून ठेवला आहे. सकाळी दोनदा हाक मारली, दोनदा ओ आली. मघाशी नुसती मान हलली. काका म्हणाले, ती आपोआप कलली. मी म्हणालो, ओ दिली. "तोंडाने नाही दिली." "तोंडानेच, असं कुठे ठरलं होतं?" दोघेही तिच्या देखत ओरडत होतो.
तक्क्या काढून तिच्या पाठीला पाठ लावून बसलो आहे. मांडीवर वही. श्वास पाठीला कळतो. उथळ आहे, पण आहे.
काका समोर उभे. "मार हाक."
हजार माणसांना मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा माझा घसा. हाकच मारली नाही, तर ओ आली नाही असं कोण म्हणेल?
"मार ना रे!"
मी तोंड उघडत नाही.