बुजवलेल्या जखमा

३ मार्च

प्रिय ताईस,
स. सलाम, वि. वि.

तुझी कादंबरी वाचली आणि डोकंच फिरलं. खुनी कोण, तर सुतार! आणि ओळखायचा कसा, तर डाव्या भुवईवरच्या व्रणावरून. वर्कशॉपात सगळे माझ्याकडे टकामका बघतात. एका बाईंनी तर, कपाट बसवायला दुसरं कुणी नाही का, असं विचारलं.

अगं, हा व्रण दिला कुणी? तूच पाटी फेकून मारलीस आणि आईला सांगितलंस, मी जिन्यावरून पडलो. तीस वर्षं मी तोंड शिवून बसलो. तुम्हा लेखकांना वाईट माणूस म्हटला की चेहरा चिरलेलाच लागतो का? दुसऱ्या आवृत्तीतून व्रण काढ, नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस.

लोभ तूर्तास बेताचाच.
तुझा भाऊ

९ मार्च

प्रिय छोट्यास,
अ. आ.

माणूस लक्षात राहावा म्हणून एक खूण दिली, त्यात एवढा थयथयाट? पाटीचं उगाच उकरून काढू नकोस.

आणि शहाणपण कुणाला शिकवतोस? आईला फादरांचा फोन आला होता. चर्चमधला पुनरुत्थित प्रभूचा लाकडी पुतळा तुला पॉलिशला दिला, तर तू हातांतली खिळ्यांची भोकं सुतारकामाची लांबी भरून बुजवलीस! कुशीतली जखमसुद्धा! जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या थोमाने आता बोट घालायचं कुठे? आईने कपाळावर हात मारून घेतला.

लोभ आहे, पण गृहीत धरू नकोस.
तुझी ताई

१५ मार्च

प्रिय ताईस,
स. सलाम.

हो, चुकलं. भोक दिसलं की हात लांबीच्या डब्याकडेच जातो. वर फादरांनाच ऐकवलं, की मरणातून उठल्यावर नवं शरीर मिळालं, मग जुनी भोकं कशाला? ते वैतागून म्हणाले, अरे, त्याने ती ठेवलीच ना! सोडून पळालेल्या मित्रांना तीच दाखवली, आणि पहिला शब्द काय काढला, तर शांती.

आता रोज पटाशीने माझंच काम उकरतोय. लांबी दगडासारखी बसलीय. उकरताना तुझा रागही येतो आणि रडूही. खुन्याचा व्रण हवा तर ठेव. पण आईला एकदा पाटीचं सांग. तेवढंच मागतो.

लोभ आहे म्हणून तर लिहितोय.
छोट्या

२१ मार्च

प्रिय छोट्यास,
अ. आ.

आईला सांगितलं. तिने या वयात माझ्या पाठीत धपाटा घातला. गप्प बसल्याबद्दलचा तुझा राखून ठेवलाय.

खुन्याचा व्रण काढला. आता त्याचा चेहरा अगदी स्वच्छ, गुळगुळीत आहे. परत वाचलं, तर तो हुबेहूब माझ्यासारखा दिसतो.

रविवारी आम्ही दोघी येतोय. प्रभूचे हात बघायचेत, आणि तुझी भुवईही. तीस वर्षांत तिच्याकडे नजर न चोरता मी कधी बघितलंच नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी असावा.
तुझी ताई