आतून लावलेला अंगठा

३ नोव्हेंबर, सोमवार
आज नोकरीचा पहिला दिवस! दरेकसाहून सकाळच्या गाडीने गोंदिया, तिथून कुडवा. ऑफिस लहानसंच, पण चहा झकास. अंगठ्याने उघडणाऱ्या दारांचं सॉफ्टवेअर इथे बनतं. मागे त्यात एक भोक होतं: कामावरून काढलेल्याच्या अंगठ्यानेही दार उघडायचं. ते बुजवलं. पण नवा बदल केला की जुनी दुरुस्ती बिघडू शकते, म्हणून पुन्हापुन्हा टेस्ट करायची. ते माझं काम. आमची आई निवडलेले तांदूळ परत निवडते. मी प्राची, तिचीच लेक!

५ नोव्हेंबर, बुधवार
टेस्टच्या खोलीला असंच काचेचं दार आहे, आत-बाहेर दोन्हीकडे अंगठ्याचं यंत्र. रोज चार वाजता पडद्यावर येतं: ‘नीतू, आतून, नाकारलं. टेस्ट पास.’ नीतू माझ्या आधी इथे होती, सोडून गेली, असं मालक योगराज सर म्हणाले. नमुन्याची नोंद असेल, मी सोडून दिलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चार वाजता मुद्दाम काचेतून पाहिलं. खोली रिकामी. आतल्या यंत्रावर मात्र ओला अंगठा उमटला. एकदा, दोनदा, सतरा वेळा. चहा करणाऱ्या अनुसयाबाईंना विचारलं, नीतू कुठे गेली? त्या म्हणाल्या, “कोटी गेली ते? आतच आहे. निंगाले पाहून राहिली.” म्हणजे बाहेर निघायला बघतेय!

१० नोव्हेंबर
सरांना विचारलंच. ते शांतपणे म्हणाले, खोट्या नोंदीवर टेस्ट खरी होत नाही. जिला खरंच बाहेर पडायचंय अशीच आत लागते. मी उद्या राजीनामा देणार.

११ नोव्हेंबर
चार वाजता लाल! ‘नीतू, आतून, स्वीकारलं. टेस्ट फेल.’ दार आपोआप उघडलं, अंगावरून गार झुळूक गेली. सुटली बिचारी. मला रडूच आलं. राजीनामा पुढे केला, तर सर म्हणाले, आतलं यंत्र तेवढं बघ, मग खुशाल जा. फेल टेस्ट अर्धी टाकून जाणं माझ्या हातून होत नाही. वही घेऊन आत गेले—
दार लागलं. अंगठा लावला. नाकारलं.
काचेपलीकडे सरांचा पडदा दिसतोय: भोक पुन्हा बुजवलेलं, कामावरच्यांच्या यादीतून माझं नाव काढलेलं—

बहुतेक १२
हाका बाहेर जात नाहीत. अनुसयाबाईंनी काच पुसली. माझ्या आरपार बघत—

?
चार. ‘प्राची, आतून, नाकारलं.’ पास. बाहेर सर हसले.

चार. पास.
पुन्हा लावते. देवा, एकदा तरी फेल—