मोजे कोण घालतं?

३ मार्च, मंगळवार

वही गं, काल मी काय सांगितलं होतं? विसरलीस ना! एवढी जाडजूड, आणि डोक्यात काही राहत नाही. मला एक अक्षर येत नाही, तरी पाठ आहे — गुरुवारी पाहुणा येणार. विमा कंपनीचा.

बोलते मी, लिहिते नात. गोल चष्मा आहे, म्हणून तिचं नाव घुबड. "आजी, हे पण लिहू?" — लिही!

कंबरेचं हाड मोडल्यापासून सकाळी सांभाळणारी बाई येते. आंघोळ घालते, कपडे चढवते. तिच्यासाठीच तर ही पॉलिसी! लॉन्ड्रीत इस्त्री करत होते तेव्हापासून सतरा वर्षं हप्ता भरला. एजंट म्हणाला होता, "मावशी, हातपाय थकले की बाईचा पगार कंपनी देईल. तुम्ही आपल्या खोलीत राणीसारख्या!"

मुलाच्या दोन-दोन पाळ्या, म्हणून कागदपत्रं घुबडच बघते. कंपनीचं पत्र तिनेच वाचून दाखवलं. माणूस येईल, विचारपूस करेल. बस, इतकंच.

५ मार्च, गुरुवार

बाईला लवकर बोलावलं. निळा झगा, केस चापूनचोपून, पांढरे मोजे. मग तिला म्हटलं, स्वयंपाकघरात बस आणि खोकू नकोस. परक्या माणसासमोर लोळागोळा होऊन पडायचं? शोभतं का?

साहेब कोवळा होता. मांडीवर कागद.

"आंघोळ स्वतः करता?" — मग काय, शेजारी करतात?

"कपडे?" — दिसतायत ना अंगावर!

"मोजे कोण घालतं?" — मीच.

वाकून दाखवा म्हणाला नाही, नशीब माझं!

जाताना म्हणाला, "तब्येत छान आहे तुमची." मुलगा आल्यावर त्याला सांगितलं, परीक्षा पास झाले! घुबड चष्मा पुसत बसली.

१४ मार्च, शनिवार

उजवा मोजा निसटला. बाई येईपर्यंत एक पाय गार.

२१ मार्च, शनिवार

नकार आला. या वेळी पत्र मुलाने वाचलं. सहा कामं असतात म्हणे — आंघोळ, कपडे, जेवण, शौचाला जाणं, खाटेवरून उठून खुर्चीत बसणं, लघवी रोखणं. त्यातली दोन जमत नसतील तरच पैसे. मला सहाही जमतात! मीच सांगितलं ना, छाती फुगवून.

आणि वर लिहितात काय — हे नियम तुम्हाला आधीच्या पत्रात कळवले होते. थापा! ते पत्र मला घुबडाने वाचून दाखवलंय, शब्दन्‌शब्द. कुठे होती त्यात सहा कामं? सतरा वर्षं माझा हप्ता गोड लागला, आणि आता मलाच खोटं पाडतात! मला कळलं असतं, तर बाईला स्वयंपाकघरात लपवलं असतं का मी?

लिही, घुबड — चोर. मोठ्या अक्षरात. थांबलीस का? अक्षर कळत नाही मला, पण पेन थांबलं की कळतं!

२९ मार्च, रविवार

मुलगा पायाशी येऊन बसला. "आई, बाईचा पगार मला नाही गं झेपत. तिकडे वृद्धनिवासात चोवीस तास माणसं असतात." हे सगळं चादरीकडे बघून. मी म्हटलं, मग चादरीलाच विचार, येते का.

हसला नाही. मीही नाही.

२ एप्रिल, गुरुवार

निवास. एका खोलीत तिघी. खिडकी दुसरीच्या वाट्याची. घुबड लिहितेय, पण नजर दाराकडे; एवढं झालं की वही उशाशी ठेवणार आणि पळणार. नीट निरोपसुद्धा घ्यायची नाही कार्टी.

१८ एप्रिल, शनिवार

आज हात वेगळा आहे, वही. लिहितेय ती इथली नर्स. तिला म्हटलं, पहिल्यापासून सगळं वाच, आणि एक ओळ गाळलीस तर याद राख. तिने मागच्या पुठ्ठ्याच्या आतलंही वाचलं. बारीक अक्षर, तारीख ३ मार्च —

"पत्राचं शेवटचं पान आजीला वाचून दाखवलं नाही. शौचाचं, लघवीचं तिला मोठ्याने कसं वाचून दाखवायचं? किती लागेल तिला. उद्या सांगेन."

उद्या!

डोळे दिले होते मी तिला वापरायला. आणि चोर म्हणाले कंपनीला — तेही तिच्याच हाताने लिहवून.

नर्स म्हणते, फेरतपासणी मागायची मुदत उद्या संपतेय. पुठ्ठ्याचा फोटो काढून तिने अर्जासोबत पाठवला. आता डॉक्टर येऊन तपासतील. या वेळी अर्ज आधी सगळा ऐकला, मग अंगठा उठवला. मोजे कोण घालतं? — नर्स घालते. आंघोळ? — तीच घालते. लिही!

घुबडाला फोन करून सांग — उद्या ये. चष्मा विसरू नकोस, ते शेवटचं पान माझ्यासमोर बसून वाचायचंय. आणि येताना पिकलेली केळी आण, दोन उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत. गोड काही नको. गोड पुष्कळ झालं.